घोटाभर पाण्याचा हिशोब: पाणथळीचा काठ कसा वाचायचा

दर डिसेंबरात कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आले का?" मी उलट विचारतो, "उजनी किती टक्क्यांवर आहे?" समोरच्याला वाटतं, हा विषय टाळतोय. पण उत्तर त्या टक्क्यांतच असतं.

भिगवण ज्याच्या काठावर आहे ते भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं, टक्क्यांत न धरलेलं पाणी. त्यामुळे उन्हाळ्यात "उजनी वजा तीस टक्के" अशा बातम्या येतात. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारी ही बातमी काठावर चरणाऱ्या पक्ष्यांसाठी वेगळी असते. धरण तुडुंब असतं तेव्हा पाणी थेट बाभळींच्या खोडांना आणि उसाच्या बांधाला टेकलेलं असतं, पाय टेकायला जागाच नसते. पाणी उतरू लागलं की चिखलाची पट्टी उघडी पडते आणि मग कुंभारगावच्या बाजूला थवे दिसू लागतात.

हा लेख बदकांबद्दल नाही. बदकं पोहतात, पाणकावळे बुड्या मारतात, त्यांना खोल पाणी चालतं. बगळे, करकोचे, चमचे, शराटी, शेकाटे, तुतवार, पाणलावे हे पाण्यात पाय रोवून चरणारे पक्षी. पक्षीनिरीक्षक यांतल्या छोट्यांना सरसकट 'वेडर' म्हणतात. या सगळ्यांना भरपूर पाणी नको असतं. त्यांना हवं असतं थोडं, उथळ, हळूहळू उतरणारं पाणी आणि काठाला तुटक-तुटक झाडोरा. तुमच्या जवळच्या तलावात किंवा धरणाच्या फुगवट्यात हे आहे का, हे स्वतः मोजून कसं ओळखायचं, ते पुढे पायरी-पायरीने सांगतो.

पायरी १: काठी आणि खुंट्या

दीड मीटरची बांबूची काठी घ्या. दर पाच सेंटिमीटरला ऑइलपेंटने पट्टा ओढा. खालच्या टोकाला तळहाताएवढी लाकडी चकती ठोका. ही चकती फार महत्त्वाची. पहिल्या वर्षी मी साधी काठी वापरली. ती गाळात रुतायची आणि मी गाळाची खोली पाण्यात धरत राहिलो. महिन्याभराच्या नोंदी वाया गेल्या. वहीत जिथे वीतभर पाणी लिहिलं होतं तिथे टिलवे, म्हणजे अगदी आखूड पायांचे छोटे वेडर, चरताना दिसायचे, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

शिवाय लाकडाच्या दहा-बारा खुंट्या. एक खुंटी आजच्या पाण्याच्या कडेला ठोकायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. पुढच्या आठवड्यात त्या खुंटीपासून नव्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि नव्या कडेला दुसरी खुंटी ठोकायची. दोन महिन्यांत काठावर खुंट्यांची जी रांग उभी राहते, ती त्या पाण्याची हालचाल सांगते. मोठ्या धरणाचा रोजचा पाणीसाठा जलसंपदा विभाग जाहीर करतो, तोही वहीत उतरवा. पण टक्के सगळ्या धरणाचे असतात आणि तुमचा काठ एकच असतो, म्हणून खुंटीला पर्याय नाही.

एक ताकीद. फुगवट्याचा गाळ वरून सुकलेला, तडकलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. एकट्याने आत शिरू नका. गावातल्या मच्छीमाराला विचारा, त्याला पायाखालची वाट माहीत असते. आणि थवा चरत असेल तिथे मोजायला जाऊ नका. पक्षी उठून गेल्यावर किंवा दुपारी ते विसावलेले असताना जा.

पायरी २: आधी उतार, मग खोली

नवशिके थेट खोली मोजतात. मी आधी उतार मोजतो. कडेपासून सरळ आत दहा मीटर जा आणि काठी टेकवा. तिथे दहा सेंटिमीटर पाणी असेल तर उतार शंभराला एक. एक मीटर असेल तर दहाला एक.

शंभराला एक उताराच्या काठावर पाणी फक्त दहा सेंटिमीटर उतरलं तरी दहा मीटर रुंद ओली चिखलपट्टी उघडी पडते. दहाला एक उतारावर तेवढ्याच उतरण्यातून मिळते एक मीटरची चिंधी. तोच तलाव, तेवढंच पाणी, पण पक्ष्यांना मिळणारं ताट दहापट लहान. शेततळ्याच्या उभ्या, प्लास्टिक अंथरलेल्या भिंतीवर एकही तुतवार का उतरत नाही, याचं उत्तर इथेच आहे.

भिगवण, जायकवाडीचा नाथसागर, नांदूर मध्यमेश्वर ही नावं आपल्या जिभेवर का आहेत? तिन्ही ठिकाणचा बुडालेला प्रदेश सपाट नदीकाठाचा आहे. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी १९०७ ते १९११ दरम्यान बांधला गेला. शतकभर त्याच्यामागे गाळ साठत गेला, उथळ डबकी आणि बेटं तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशोबाने हा तोटाच. पक्ष्यांच्या हिशोबाने त्याच गाळामुळे २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) उभं राहिलं.

पायरी ३: पक्ष्याचा घोटा शोधा

पक्ष्याच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा वाकणारा गुडघा वाटतो, तो खरं तर त्याचा घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. म्हणजे 'घोटाभर पाणी' हे माप पक्ष्यांनाही चपखल बसतं, फक्त प्रत्येकाचा घोटा वेगळ्या उंचीवर. बहुतेक छोटे वेडर आपापल्या घोट्यापर्यंतच्या पाण्यात चरतात, फार तर थोडं वर. पोट भिजू लागलं की मागे सरतात.

कडेपासून आत चालत गेल्यासारखं बघत जा. नुसता ओला, चमकणारा चिखल किंवा बोटभर पाणी असेल तिथे टिलवे आणि चिखले. टिलव्याचा घोटा जेमतेम दोन सेंटिमीटरवर, म्हणजे त्याचं सगळं राज्य एका बोटाच्या रुंदीएवढ्या पाण्यात. त्याच्या पुढे दोन-तीन बोटं पाण्यात तुतवार. लाल पायांच्या तुतवाराचा घोटा पाचेक सेंटिमीटरवर. आणखी पुढे, चार ते सहा बोटं पाण्यात, काळ्या शेपटीचे पाणटिवळे चोच मुळापर्यंत खुपसताना दिसतात. शेकाट्याचे गुलाबी पाय एवढे लांब की तो त्यांच्याही पुढे जातो, पण हा पठ्ठ्या चिखलातही तितक्याच आरामात चालतो. वीतभर पाण्यात चमचे आपली चोच डावी-उजवीकडे घासत एका ओळीत निघतात, चित्रबलाक हे करकोचे चोच उघडी ठेवून उभे असतात. राखी बगळा आणि मोठा बगळा त्याहून थोडे आत. रोहित सगळ्यांच्या पलीकडे. त्याला हात-दीड हात पाणी चालतं, आणि पाय टेकेनासे झाले तर तो पोहतोही.

हे पट्टे म्हणजे कुंपण नव्हे. लांब पायांचा पक्षी उथळात येऊ शकतो, आखूड पायांचा खोलात जाऊ शकत नाही, एवढंच. म्हणून दुरून दुर्बिणीतून सगळ्यात आखूड पायांचा पक्षी आधी शोधा. टिलवे कुठे आहेत ते कळलं की चिखलाची कड कळते. शेकाट्यांच्या पायाचा किती भाग पाण्याबाहेर दिसतो ते पाहिलं की काठी न टेकवता खोली कळते. ही सवय लागली की पक्षीच मोजपट्टी होतात, आणि तुमच्यामुळे एकही पक्षी उडत नाही.

पायरी ४: पाणी उतरतंय की चढतंय, आणि किती वेगाने

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यायला हवा. नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

दोन तलाव घ्या. दोन्हींत आज वीतभर पाणी आहे. एकाचं पाणी महिनाभर तेवढंच आहे. दुसऱ्याचं महिनाभर हळूहळू उतरत वीतभरावर आलंय. पक्षी दुसऱ्यावर असतील. उतरत्या पाण्यातले मासे, झिंगे, बेडकांची पिल्लं, किड्यांच्या अळ्या मोठ्या पसाऱ्यातून सरकत सरकत खळग्यांत गोळा होतात. तेच जीव, पण आता दाटीवाटीने.

ही दाटी काही पक्ष्यांना इतरांहून जास्त लागते. बगळा डोळ्यांनी शिकार करतो. एक मासा हेरायचा, मान ताणायची, मारायचा. त्याला नितळ पाणी हवं, मासे कमी असले तरी तो तग धरतो. चित्रबलाक स्पर्शाने शिकार करतो. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो चालतो, पायाने गाळ ढवळतो आणि काही चोचीला लागलं की ती मिटते. चमचाही तसाच. गढूळ पाण्याचं त्यांना वावडं नाही, पण मासे विरळ असतील तर चोच रिकामीच फिरते. म्हणून करकोच्यांचा मोठा थवा दिसला की समजा, तिथे मासे कोंडले गेलेत.

याचा नीट प्रयोग झाला तो अमेरिकेत, फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स भागात. डेल गॉलिक या संशोधकाने एकसारखी तळी घेऊन त्यांत १०, १९ आणि २८ सेंटिमीटर अशी खोली ठेवली आणि माशांची संख्याही कमीजास्त ठेवली. निष्कर्ष २००२ साली छापून आला. काही जाती मासे कमी होऊ लागताच तळं सोडून दुसरीकडे गेल्या. तिथले करकोचे आणि पांढरे शराटी यांत होते. मोठा बगळा मात्र मासे बरेच कमी झाल्यावरही चिकटून राहिला. आपल्याकडच्या जाती थोड्या वेगळ्या, पण स्वभाव हाच. मे महिन्यात आटलेल्या तळ्यावर एकटा मोठा बगळा उभा दिसतो तो आशेवर नाही, हिशोबाने उभा असतो.

त्याच एव्हरग्लेड्समध्ये विणीच्या हंगामात दिवसाला सुमारे अर्धा सेंटिमीटर पाणी उतरणं चांगलं मानतात. हा आकडा जसाच्या तसा आपल्या धरणाला लावू नका, पण अंदाजासाठी उपयोगी आहे. शंभराला एक उतारावर अर्धा सेंटिमीटर म्हणजे कड रोज अर्धा मीटर मागे सरते, आठवड्याला साडेतीन मीटर. तुमच्या खुंट्यांमधलं अंतर याच्या आसपास असेल तर पट्टी रोज ताजी राहते. खुंट्या एकाच जागी अडकल्या असतील तर कड शिळी होते, त्याच चिखलात त्याच अळ्या उपसून संपतात. आणि आवर्तन (धरणातून शेतीसाठी सोडलेलं पाणी) सुटल्यावर कड आठवड्यात पन्नास-साठ मीटर पळाली तर चिखल चोच शिरण्याआधीच वाळतो. मासे डबक्यांत अडकतात, दोन दिवस घारी-कावळ्यांची चंगळ होते आणि मग शांतता.

पाणी उलटं चढणं सगळ्यात वाईट. एखादा जोरदार अवकाळी किंवा वरच्या धरणातून सोडलेलं पाणी वीतभराने पातळी वाढवतं, कोंडलेले मासे पुन्हा पसरतात आणि करकोचे उठतात. वहीत अशा दिवसाखाली लाल रेघ मारा. 'पक्षी का गेले' याचं निम्मं उत्तर त्या रेघांत सापडतं.

उजनीला माझी एक खूण आहे. पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी फार खाली गेलं की उघडं पडतं. शिखर दिसायला लागलं की मी खुंट्या घेऊन निघतो.

पायरी ५: तळात बोट घालून बघा

हे अक्षरशः करा. कडेच्या चिखलात तर्जनी शिरते का? सहज शिरली तर पाणलावा आणि पाणटिवळा यांची चोचही शिरेल. त्यांच्या चोचीचं टोक लवचीक आणि संवेदनशील असतं, चिखलाच्या आतच ते उघडून अळी पकडतात. बोट दाबावं लागलं तर फक्त वरवर टिपणारे चिखले आणि टिलवे येतील. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि दगड होते, तिथे टिटवीशिवाय कुणी फिरकत नाही. मूठभर चिखल पाण्यात विरघळवून चहाच्या गाळणीत गाळा. लालभडक, दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर जागा चांगली. वास सडलेल्या अंड्याचा आणि गाळणीत काहीच नाही, तर वरून बहुधा सांडपाणी येतंय.

पायरी ६: झाडोऱ्याचा नकाशा

आता एका कागदावर तळ्याचा ढोबळ आकार काढा आणि चार गोष्टी वेगवेगळ्या रंगांनी भरा: पाण्यातून उभी वाढणारी गवतं, तरंगणारी पानं, पाण्याखालची शेवाळं आणि काठचं ओलं गवत.

उभ्यांत आपल्याकडे मुख्य पाणकणीस, ज्याला काही भागांत रामबाण म्हणतात, शिवाय देवनळ आणि लव्हाळा. पाणकणसाच्या दाट रानात जांभळी पाणकोंबडी, जांभळा बगळा आणि छोटे पाणपक्षी लपतात, घरटी करतात. पण टिलवे, पाणटिवळे, चमचे त्याच्या जवळ जात नाहीत. त्यांना चहूबाजूंनी उघडं हवं असतं, कारण दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी याच गवतांवरून खाली उतरत येतो. गवत पक्ष्याच्या डोळ्यांपेक्षा उंच झालं की ती जागा त्याच्यासाठी बंद झाली, असं धरा. उघड्यावर चरणाऱ्या वेडरांसाठी चिखलपट्टीचा तीन-चतुर्थांश भाग तरी मोकळा असावा.

मग सगळा झाडोरा काढून टाकायचा का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वेलर आणि स्पॅचर या दोघांनी दलदलींचा अभ्यास करून १९६५ साली दाखवलं, की जिथे साधारण निम्मं उघडं पाणी आणि निम्मा उभा झाडोरा असतो, आणि तोही एकमेकांत मिसळलेला असतो, तिथे पक्ष्यांची विविधता सर्वाधिक असते. प्रमाणाइतकीच मांडणीही महत्त्वाची. एका बाजूला सगळं गवत आणि दुसऱ्या बाजूला सगळं पाणी हेही निम्मं-निम्मंच, पण त्यात कड एकच. तेच गवत दहा पुंजक्यांत विखुरलं तर दहा कडा मिळतात. वंचक (तळ्याकाठचा छोटा बगळा) त्या कडेलाच उभा राहतो.

पाणकणसाची खोड अशी, की पातळी वर्षभर एकसारखी राहिली की ते फोफावतं. कालव्यांसाठी पाणी सतत एका उंचीवर धरून ठेवलेले बंधारे म्हणूनच हळूहळू हिरवे होत जातात. त्याचं रोप उघड्या ओल्या चिखलावर रुजतं. म्हणजे जे उतरतं पाणी पक्ष्यांना हवं, तेच पाणकणसालाही पेरणीची संधी देतं. यातला समतोल साधतो पुढचा पूर: कोवळी रोपं वर येण्याआधी बुडाली की मरतात.

तरंगणाऱ्यांत कमळ, कुमुद यांच्या पानांवर कमळपक्षी लांब बोटं पसरून चालतो. जलपर्णीवरही तो चालतो, वंचक तिच्यावर उभा राहून मासे टिपतो. त्यामुळे जलपर्णी पक्ष्यांना आवडते असा समज होतो. कडेला हातभर पुंजका असेल तोवर ठीक. तिने तळं झाकलं की खालचा प्राणवायू संपतो, मासे जातात, आणि जलपर्णीवर उभं राहून टिपायला काही उरत नाही. उन्हाळ्यात तळं पूर्ण आटलं तर ती वाळून मरते, पण बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

बेशरम या झुडपाबद्दल मला काहीच चांगलं लिहवत नाही. काठच्या ओल्या गवताची जागा ते गिळतं आणि तोडलेली कांडी पाण्यात पडली की तिथेच पुन्हा मूळ धरते.

म्हशींचं काय करायचं

ही पायरी नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात नोव्हेंबर १९८२ मध्ये गुरांना बंदी केली गेली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) तिथला अभ्यास दहा वर्षं चालला आणि त्यातून उलटंच समोर आलं: म्हशी चरायच्या थांबल्यावर पाण्यातलं गवत माजलं आणि उघडं पाणी गुदमरू लागलं. म्हशी ते गवत खाऊन आणि तुडवून पाणी मोकळं ठेवत होत्या.

म्हणून काठावर चार म्हशी दिसल्या की नाक मुरडू नका. त्यांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साचतं, त्यात टिलवे चरतात. पाठीवर गाय बगळा असतोच. शंभर म्हशी रोज एकाच चिखलावर असतील तर प्रश्न वेगळा. मी नकाशावर गुरांच्या वाटा वेगळ्या रंगात काढतो आणि बहुतेक वेळा चांगली चिखलपट्टी त्या वाटेच्या आसपासच निघते.

पायरी ७: घरट्यांसाठी पाणी

चरण्याचा हिशोब वेगळा, घरट्याचा वेगळा. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर बगळे, चित्रबलाक, पाणकावळे वसाहत करतात. खालचं पाणी म्हणजे खंदक: मांजर, मुंगूस, कुत्रा पोचत नाही. पिल्लं उडायच्या आत तळं आटलं तर वसाहत उघडी पडते. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर चित्रबलाकांची वसाहत आहे, तिथे तलावात पाणी किती राहिलं यावर त्या वर्षीची वीण ठरते. गंमत म्हणजे हेच पक्षी इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवरही घरटी करतात. खाली खंदक नाही, पण माणसांची वर्दळ आहे आणि कुणी त्रास देत नाही. दोन्हीकडच्या पिल्लांना खाऊ मात्र उजनीच्याच उथळ पाण्यातून येतो.

जमिनीवर घरटं करणाऱ्यांना पातळीचा धोका दोन्ही बाजूंनी. शेकाटे आणि टिटव्या पाण्याजवळच्या उंचवट्यावर अंडी घालतात. पाणी वीतभर चढलं की अंडी वाहून जातात, फार उतरलं की कुत्री चालत येतात. कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पानांवर असतं, हळू चढणाऱ्या पाण्याबरोबर तेही चढतं, एका रात्रीत हातभर चढलं तर नाही. गोंदिया जिल्ह्यात सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ भागात गवताचा ढीग रचून अंडी देतो. तिथे पाण्याची पातळी शेतकऱ्याच्या फावड्यावर ठरते, म्हणून सारस टिकवायचा तर आधी शेतकऱ्याशी बोलावं लागतं.

वर्षाचं वेळापत्रक, थोडक्यात

ऑगस्टच्या मध्यापासून उत्तरेकडचे छोटे वेडर यायला लागतात, आणि नेमकी तेव्हा मोठी धरणं भरलेली असतात. या दिवसांत धरणावर जाण्यात अर्थ नाही. गावतळी, भातखाचरं, पाणी साचलेली गायरानं बघा. दिवाळीनंतर कडा उघड्या पडू लागतात. रब्बीच्या आवर्तनांनी जानेवारी-फेब्रुवारीत उतार वेग घेतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा भिगवणचा खरा हंगाम. मेमध्ये उरलेल्या खळग्यांवर करकोचे आणि बगळे.

ठाण्याच्या खाडीत हे सगळं वर्षाऐवजी बारा तासांत घडतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, लहान आणि मोठे रोहित चरायला पसरतात. भरतीला तो बुडतो आणि त्यांना विसाव्यासाठी आसपासची उथळ तळी लागतात. म्हणून तिथे कॅलेंडरऐवजी भरती-ओहोटीचं कोष्टक न्या, आणि खाडीबरोबर ती तळीही मोजा. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली की तळं कोरडं पडतं. गोव्यात खाजनांमध्ये, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत, हीच वाट मानशीच्या दारांनी उघडतात-मिटतात. दार कोण आणि कधी उघडतो ते विचारून घ्या, पक्षी कधी येतील ते आपोआप कळेल.

पायरी ८: तळं तुमच्या गावाचं असेल तर

गाळ काढायचं ठरतं तेव्हा ग्रामसभेत उठून एवढंच मागा: एक बाजू सोडा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ साली सुरू झाली आणि शेतकऱ्याला तो गाळ हवाच असतो. भांडण्यात अर्थ नाही. पण पोकलेन सगळ्या बाजूंनी सारखा फिरला तर तळ्याची बशी जाऊन बादली होते. भरावाकडचा भाग खोल करा, पाणी येतं त्या बाजूचा शेपटाचा भाग हात न लावता ठेवा. उतार बिघडलाच असेल तर एक पट्टा तरी पन्नासाला एकपर्यंत सपाट करून घ्या. कड सरळ न ठेवता वाकडीतिकडी ठेवली की तिची लांबी वाढते. उपसलेल्या गाळातून मध्ये एखादं बुटकं बेट जमलं तर उत्तम, त्याचा माथा सपाट आणि उघडा ठेवा.

पाणकणीस काढायचं तर सगळं एकदम नको. उन्हाळ्यात पाणी कमी असताना पुंजके आखून घ्या, निम्मे राखा. उरलेले अगदी बुडाशी कापा, म्हणजे पाणी चढल्यावर खुंट बुडतील. देठ पाण्याखाली गेला की मुळांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. नुसतं वरवर कापलं तर दोन महिन्यांत जैसे थे. बेशरम मात्र मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवायचं. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजातल्या बायकांनी मालगुजारी तलावांतलं बेशरम असंच काढलं आणि तिथल्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे वाढावेत म्हणून केलेलं काम, पण पाणवनस्पती आणि मासे आले की पक्ष्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही.

धरणाच्या काठावर गाळपेर जमिनीचा प्रश्न असतो. पाणी मागे सरलं की तिथे पेरणी होते, आणि ओलाव्याचा लोभ असा की नांगर पाण्याच्या कडेपर्यंत जातो. कडेची वीस-पंचवीस पावलं मोकळी सोडायला एखादा शेतकरी तयार झाला तर तेवढंही पुष्कळ. नव्या नांगरटीवर बगळे येतात, ते शेतकऱ्यालाही दिसतात, तिथून बोलणं सुरू करा.

आणि सुशोभीकरण. काठाला दगडी पिचिंग, वर पेव्हर ब्लॉकची वाट, मध्ये कारंजं. हे झालं की उरतात टिबुकल्या आणि वारकरी हे पोहणारे पक्षी. पहिल्यांदा आराखडा येतो तेव्हाच हरकत नोंदवा, दगड बसल्यावर कुणी काढत नाही.

वहीतलं एक पान

दर खेपेला एवढंच लिहा: तारीख आणि वेळ, धरणाचे टक्के, शेवटच्या खुंटीपासून कड किती सरली, कडेपासून दहा मीटरवर खोली, बोट शिरतं की नाही, झाडोरा अंदाजे किती, गुरं किती, आणि शेवटी पक्षी, तेही जातींच्या यादीपेक्षा 'कोण किती पाण्यात' असे. पहिला हंगाम काही कळणार नाही. दुसऱ्या हंगामात तुम्ही खुंट्यांवरून आठवडाभर आधी सांगू लागाल की आता पाणटिवळे येतील. चुकेल कधीकधी. माझंही चुकतं. दोन वर्षांपूर्वी सगळं जुळलेलं असताना थवा तलाव ओलांडून पलीकडच्या काठावर उतरला आणि मला कारण सापडलं नाही. तो दिवस मी तसाच लिहून ठेवलाय.

मृगाच्या आधी खुंट्या मोजून परत आणायच्या. सुतळी बांधली असेल तर आधी तीच सोडवायची. ती मागे राहिली तर शेकाट्याच्या पायात अडकते.